सामाईक विहीर आणि फेब्रुवारी-मार्चचे ४४ तास : पूर्व सिन्नरमधलं एक प्रकरण

या प्रकरणातली माणसं खरी आहेत. नावं, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. थोरल्या चुलतभावाला इथे आप्पा म्हटलं आहे आणि धाकट्याला बापू. त्या हंगामात मी त्या भागातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवत होतो. त्यामुळे दोघांच्याही ओट्यावर माझं येणं-जाणं होतं.

पार्श्वभूमी

सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेला डोंगराकडे भात पिकतो, इकडे मात्र पावसाच्या दोन सरी चुकल्या की बाजरीसुद्धा कणसात भरत नाही. आप्पा आणि बापू यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जमीन सात-सात एकर वाटली गेली, पण विहीर सामाईक राहिली. दोघांच्या आजोबांनी खणलेली, तीस फूट व्यासाची. पाच अश्वशक्तीची एकच मोटर आणि एक दिवसाआड पाळी : आज आप्पा, उद्या बापू. पंचवीस वर्षं भांडण नाही. पाणी पुरेसं असलं की भांडायला कारण नसतं, हे आप्पांचंच म्हणणं.

दोघांची शेती मात्र सारखी नव्हती. आप्पांची जमीन काळी, कसदार. घरात कांद्याचा हात होता. रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत त्यांच्या घरच्या बायकांना विचारायला आसपासचे लोक येत. पंचवीस टनांची कांदाचाळही होती. बापूंची जमीन निम्मी मुरमाड. त्यांच्याकडे पाच संकरित गाई, दोन कालवडी आणि दुधाचं दहा दिवसांनी येणारं बिल होतं. तरीही दोघं दरवर्षी सगळंच करत : थोडा कांदा, थोडा गहू, थोडा हरभरा, गुरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी थोडा घास. ‘आपल्या घरचं आपल्याला’ ही त्यामागची भावना.

मग २०२३ उजाडलं. ऑगस्ट सबंध कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सिन्नर होता. विहिरीत त्या आठवड्यात पाणी होतं, पण दिवसाला साडेतीन तासांच्या वर मोटर चालत नव्हती. एरवी दिवाळीला ती आठ तास चाले.

अडचण

दोघांनीही ऑक्टोबरमध्येच उन्हाळी कांद्याचं रोप टाकलेलं होतं, प्रत्येकी दोन एकरांचं. बियाणं, गादीवाफे, औषध मिळून एकरी सात हजारांच्या आसपास गेले होते. बाजारात तेव्हा कांदा चढा होता. १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावूनही भाव खाली बसले नव्हते. त्यामुळे दोघांचं मन कांद्याकडेच.

मी दोघांना एकत्र बसवून एक साधा हिशेब केला. दोनशे लिटरचा ड्रम मोटरने चोवीस सेकंदांत भरला. म्हणजे ताशी तीस हजार लिटर. एका एकराला ‘एक पाणी’, म्हणजे एकदा भिजवताना पाच सेंटिमीटर, द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात, म्हणजे पावणेसात तास मोटर. मग पुढच्या महिन्यांत मोटर किती चालेल? इथे आप्पांची आठवण कामी आली. २०१८-१९ च्या दुष्काळात विहीर कुठल्या महिन्यात कुठवर उतरली, हे त्यांना आतल्या बांधकामाच्या थरांवरून सांगता येत होतं. त्यावरून अंदाज मांडला : नोव्हेंबरात १०५ तास, डिसेंबरात ९३, जानेवारीत ६२, फेब्रुवारीत २९, मार्चात १५. एप्रिलमध्ये फक्त गुरांपुरतं.

एकूण ३०४ तास, म्हणजे जेमतेम पंचेचाळीस एकरांना एक-एक पाणी.

उन्हाळी कांद्याला अकरा पाणी लागतात. डिसेंबरच्या मध्यावर लागण केली तर त्यातली सहा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. चार एकरांना त्या दोन महिन्यांत चोवीस पाणी, म्हणजे १६० तास हवे होते. विहीर देणार होती ४४.

जमीन चौदा एकर पडून होती. दोघांची सवय मात्र एकरी किती निघतं हे मोजण्याची, कारण जमीन हीच श्रीमंती असं मनात पक्कं. त्या वर्षी दुर्मिळ होतं ते पाणी, त्यातही फेब्रुवारीनंतरचं. एकरी उत्पन्नाचा आकडा त्या हंगामात कुठल्याच निर्णयाला उपयोगी पडणारा नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय बोअरचा. बापूंच्या थोरल्या मुलाचा त्यावर जोर होता. लाखभर खर्च आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. शेजारच्या वस्तीवरचे दोन बोअर त्याच वर्षी कोरडे गेले होते. बापूंकडे लाख रुपये होतेही, पण ते मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले. “बोअर कोरडं गेलं तर लाख रुपये गेले,” असं मुलगा म्हणाला. त्यावर वहिनी, म्हणजे बापूंच्या पत्नी, म्हणाल्या, “लाख नाही, तिचं एक वर्ष जाईल.” संधी खर्चाची याहून नेमकी व्याख्या मी तरी वर्गात ऐकलेली नाही. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी हातची गेलेली दुसरी सर्वांत चांगली गोष्ट. पैसे हे फक्त ते मोजायचं माप.

दुसरा पर्याय, काहीच न बदलणं. पाळी आहे तशी ठेवायची आणि प्रत्येकाने झेपेल तेवढा कांदा लावायचा. फेब्रुवारी-मार्चचे बावीस-बावीस तास वाट्याला येणार, त्यात प्रत्येकी अर्धा एकर कांदा निघाला असता. आप्पांचा साधारण पन्नास क्विंटल, बापूंचा तीस.

तिसरा पर्याय मी मांडला : पाण्याची अदलाबदल आणि पिकांची वाटणी. त्यासाठी मी जो हिशेब केला, तो पुढे अर्धाच बरोबर निघाला. पण आधी हिशेब.

आप्पा दोन्ही पिकांत सरस होते. त्यांचा कांदा एकरी शंभर क्विंटल, हरभरा आठ. बापूंचा कांदा साठ, हरभरा सात. जमीन कोरडी असल्याने हरभऱ्याला ओलवणीसह, म्हणजे पेरणीआधीच्या पाण्यासह, तीन पाणी धरली. एका पाण्यात आप्पा नऊ क्विंटल कांदा काढू शकत होते किंवा पावणेतीन क्विंटलच्या आतबाहेर हरभरा. म्हणजे त्यांना एक क्विंटल हरभरा जवळपास साडेतीन क्विंटल कांद्याला पडत होता. बापूंना तोच हरभरा सव्वादोन क्विंटल कांद्याच्या थोडा वर. आप्पा हरभऱ्यातही पुढे असले, तरी हरभरा करणं बापूंनाच स्वस्त होतं.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन हेच दाखवलं होतं. याला तुलनात्मक लाभ म्हणतात. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्हींत सरस होता, तरी व्यापार दोघांच्या फायद्याचा ठरत होता. बापूंना मात्र हे ऐकून राग आला. “म्हणजे मला कांदा जमत नाही, असंच ना?” असं ते म्हणाले. तुलनात्मक लाभ समजावताना ही अडचण नेहमी येते. ऐकणाऱ्याला ती आपल्या हातावरची टीका वाटते. इथे तर भाऊबंदकीचा प्रश्न. थोरल्याने कांदा करायचा आणि धाकट्याने हरभरा, हे गावात कसं दिसेल, हाही विचार होता.

माझी चूक वहिनींनी पकडली. मी सगळी पाणी एका मापाने मोजली होती. त्यांनी विचारलं, “नोव्हेंबरचा तास आणि फेब्रुवारीचा तास एकच कसा? आणि फेब्रुवारीचं पाणी आप्पांना दिलं तर गाईंपुढे मी काय टाकू?” त्यानंतरच्या सगळ्या बोलण्याला या दोन प्रश्नांनी दिशा दिली.

निर्णय कसा झाला

गाईंचा प्रश्न आधी सुटला, आणि तो मुरघासाने, म्हणजे मुरवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याने, सुटला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मका पेरला तर जानेवारीच्या अखेरीस कणसं चिकात येतात. तेव्हा कापून, कुट्टी करून पिशव्यांत दाबला की उन्हाळा निघतो. पाणी साठवायला बापूंकडे शेततळं नव्हतं, पण नोव्हेंबर-डिसेंबरचं पाणी मक्यात आणि मका पिशवीत साठवता येत होता. मी हे असं पाहिलंच नव्हतं. मुरघास म्हणजे दुधाचा विषय, पाण्याच्या हिशेबात तो घ्यावा हे सुचलं नाही.

मग भाव ठरवायची वेळ आली. बापू फेब्रुवारी-मार्चचे आपले बावीस तास देणार, त्याबदल्यात नोव्हेंबर-डिसेंबरचे किती घ्यायचे? आप्पा म्हणाले, तासाला तास. बापूंनी तिप्पट मागितले. दोन संध्याकाळी घासाघीस चालली आणि दुपटीवर तुटलं : चव्वेचाळीस तास. याच्या दोन बाजूंच्या मर्यादा खरं तर आधीच ठरलेल्या होत्या. तासाला तास घेतला असता तर बापूंना दोन एकर मका झेपत नव्हता, आणि तिप्पट दिले असते तर आप्पांचा स्वतःचा हरभरा सुकला असता. त्या दोन टोकांच्या मध्ये आकडा कुठे पडेल हे अर्थशास्त्र सांगत नाही, ते समोरासमोर बसलेल्या माणसांवर असतं. मला वाटतं, बापूंना थोडं कमीच मिळालं. थोरल्यासमोर ते एका मर्यादेपलीकडे ताणत नाहीत.

अशी ठरली वाटणी : बापूंकडे चार एकर हरभरा, दोन एकर मका आणि दहा गुंठे घास. आप्पांकडे एक एकर कांदा आणि दोन एकर हरभरा. उरलेली जमीन पडीक. तासांचा हिशेब मोटरच्या खोलीच्या भिंतीवर खडूने.

उरलं रोप. चार एकरांचं रोप वाफ्यात उभं आणि लागण एकाच एकराची. आप्पांचा जीव त्यात अडकला. “एवढा खर्च केला तो काय मातीत घालायचा?” रोपाचा खर्च दोन्हीकडे झालेलाच होता, लावलं तरी आणि नाही लावलं तरी. ठरवायचं ते एवढंच, की इथून पुढे जाणाऱ्या पाण्याचा कुठे जास्त उपयोग होईल. हे पटायला त्यांना तीन आठवडे लागले, आणि खरं सांगायचं तर माझ्या बोलण्याने ते पटलं नाही. ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात ३१ मार्चपर्यंत बंद केली, भाव कोसळले आणि शेजाऱ्यांनीही रोपं मोडायला घेतली, तेव्हा पटलं. एका एकराचं रोप गोदावरीच्या कालव्याखालच्या एका शेतकऱ्याने नेलं. बाकीच्या दोन एकरांच्या रोपावर नांगर.

निर्यातबंदी आल्यावर पुन्हा एक बैठक झाली. आता हा एक एकर तरी लावायचा का? इथे आप्पांनी एक गोष्ट बोलून दाखवली, जी मला कागदावर दिसली नव्हती : चाळ रिकामी आहे. बंदी कधी उठेल कोणालाच माहीत नव्हतं, पण एप्रिलला निघालेला कांदा लगेच विकायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. बापूंकडे चाळ नसल्याने त्यांनी तोच कांदा लावला असता तर मिळेल त्या भावाला द्यावा लागला असता. लागण झाली.

प्रत्यक्षात काय घडलं

जानेवारीपर्यंत सगळं खडूच्या हिशेबाबरहुकूम. फेब्रुवारीत पहिली कुरबुर झाली. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठून, थंडीत पाटाची दारं धरून पिकाला दिलेलं पाणी आणि सकाळी दहाचं पाणी करारात एकच मोजलेलं होतं. आप्पांचा मुलगा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जात असे. रात्रपाळीच्या पाण्याने त्याचे सहा दिवस बुडाले. हे सहा दिवस कांद्याच्या खर्चात कोणीच धरले नाहीत. ‘घरची माणसं’ या रकान्यात आपल्याकडे नेहमी शून्य असतं. बाहेर रोज मिळत असताना घरी राबलेला दिवस फुकट कसा धरायचा?

मार्चमध्ये विहीर अंदाजाहून लवकर उतरली. फेब्रुवारी-मार्च मिळून ४४ ऐवजी ३७ तास मिळाले. आप्पांचं शेवटचं पाणी हुकलं आणि कांदा शंभरऐवजी चौऱ्याऐंशी क्विंटल निघाला. हे सात तास कोणाचे बुडाले, यावर बोलाचाली झाली. आप्पांचं म्हणणं, बापूंनी बावीस देतो म्हणून अठराच दिले. बापूंचं म्हणणं, मी पाळी दिली, पाणी नाही. दोघंही आपापल्या परीने बरोबर होते, कारण करार नेमका कशाचा होता हे ठरलंच नव्हतं.

आकडे असे. बापूंचा हरभरा सव्वीस क्विंटल. घराला आणि बियाण्याला चार ठेवून बावीस क्विंटल ५,६०० रुपयांनी गेला. त्या हंगामाचा हमीभाव ५,४४० होता, म्हणजे सरकारी केंद्रावर जायची वेळ आली नाही. १ लाख २३ हजार आले, खर्च छप्पन्न हजार. अठरा टन मुरघास झाला आणि जुलैच्या मध्यापर्यंत पुरला. आसपासचे लोक विकत चारा आणत असताना, काहींनी गाई विकल्या असताना, बापूंचं दुधाचं बिल चालू राहिलं. वहिनींना रोज सकाळी घास कापायला लागणारा तासभरही वाचला. त्या तासाचं त्यांनी काय केलं असं विचारल्यावर त्या हसल्या. “झोपले,” म्हणाल्या.

आप्पांनी मे महिन्यात चौतीस क्विंटल कांदा १,३५० रुपयांनी विकला, कारण सोसायटीचं कर्ज भरायचं होतं. ३१ मार्चनंतरही लांबलेली निर्यातबंदी ४ मे रोजी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्य होतंच. पन्नास क्विंटल चाळीत टाकला. ऑगस्टपर्यंत सड आणि घट जाऊन चाळीस उरला आणि सरासरी ३,००० रुपयांनी गेला. एकूण १ लाख ६६ हजार, खर्च अडुसष्ट हजार. त्यात मुलाचे सहा दिवस आणि घरच्या बायकांची काढणी नाही.

पाणी तेवढंच राहून, अर्धा-अर्धा एकर कांद्याचे अंदाजे ऐंशी क्विंटल मिळाले असते. इथे एक पाणी हुकूनही चौऱ्याऐंशी मिळाले. शिवाय मुरघास. फरक डोळे दिपवणारा नाही. पण चार एकर लावले असते तर फेब्रुवारीत चारही करपले असते, आणि तो नांगर मग उभ्या पिकावर फिरला असता.

वेगळं काय करता आलं असतं

करार ‘तासां’चा न करता ‘पाळीत जे येईल त्याच्या हिश्शा’चा करायला हवा होता. मग विहीर कमी पडली तर तूट दोघांत आपोआप वाटली गेली असती. रात्रीचा तास आणि दिवसाचा तास वेगळा मोजायला हवा होता. मी हे दोन्ही सुचवू शकलो असतो. मला ते सुचलं नाही, कारण मी विहिरीकडे पाहत होतो, विजेच्या वेळापत्रकाकडे नाही.

कांद्याला ठिबक केलं असतं तर त्याच पाण्यात सव्वा एकर सहज झाला असता. अनुदान मिळतं, पण आधी खिशातून पैसे घालावे लागतात, आणि नोव्हेंबरमध्ये दोघांचेही खिसे रिकामे होते.

माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिली ती तिसरीच गोष्ट. दोन्ही घरांच्या कांद्याच्या लागणीला आणि काढणीला दरवर्षी वस्तीवरची एक टोळी यायची, आठ-नऊ बायका. त्या वर्षी एक एकराचंच काम निघालं, आणि तेही निम्मं घरच्यांनी केलं. हरभऱ्याला आणि मक्याला एवढे हात लागत नाहीत. आमच्या बैठकीला त्या नव्हत्या. विहिरीत त्यांचा हिस्सा नव्हता, म्हणून बोलवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. व्यापारात दोन्ही बाजूंचा फायदा होतो हे खरं, पण त्या दोन बाजू कोणत्या हे आधीच ठरलेलं असतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर न वाटता माणशी वाटलं : दर माणशी अर्ध्या एकराचं, आणि भूमिहीनांनाही. उसाला मनाई होती, कारण एकाचा ऊस म्हणजे अनेकांचं कोरडवाहू. तो हिशेब आम्ही दोन घरांपुरता केला. टोळीतल्या बायकांचं फेब्रुवारीत काय झालं याची नोंद माझ्या वहीत नाही.

त्यानंतर

२०२४ चा पावसाळा चांगला झाला. विहीर काठोकाठ भरली, खडूचे आकडे ओलीने पुसले गेले आणि पाळी पुन्हा एक दिवसाआड झाली. दोघांनी प्रत्येकी दोन एकर कांदा लावला, बापूंनी तर हौसेने. मला विचारायला कोणी आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

२०२५ च्या एप्रिलला कांदा निघाला तेव्हा सगळ्यांचाच निघाला. १ एप्रिलपासून निर्यात शुल्क पूर्ण काढलं होतं, तरी आवकेपुढे भाव हजार-बाराशेच्या वर जाईना. बापूंचे शंभरावर क्विंटल बांधावर ताडपत्रीखाली आणि आप्पांच्या चाळीत दोन कप्पे मोकळे. मी गेलो त्या संध्याकाळी बापू ओट्यावर बसून होते. “आप्पा, तुम्ही दोन्ही कप्पे द्या. उन्हाळाभर तुमच्या गुरांचा मुरघास माझ्याकडे लागला,” असं त्यांनी सांगून झालं होतं. आप्पा सुपारी कातरत होते. “तुझा कांदा सडला तर कोणाचा सडला, ते आधी ठरव,” ते म्हणाले.